भट्टी पाण्याची

दारूबंदी असलेल्या आमच्या वर्धा जिल्ह्यात 'भट्टी' हा शब्द हलक्या आवाजातच उच्चारला जातो. मडक्यावर मडके रचून, वरचे पाणी गार राखून मोहाची वाफ थेंबाथेंबाने उतरवण्याची कला मात्र खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या ज्ञात आहे. हीच कला पिण्याच्या पाण्याच्या कामी आली तर? एका तरुण मातेच्या प्रश्नाने आम्हांला या विचारात पाडले. "फादर, बाळाची बाटली उकळलेल्या पाण्यानेच भरते. मग विहिरीची भीती कशाला?"

तिच्या विहिरीत नायट्रेट निघाले होते. काळ्या खडकातले आमचे पाणी मुळात जड. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गंजाच्या बुडाशी पांढरा थर धरतो. वर शेतातील खते आणि संडासाचे खड्डे यांतून नायट्रेट झिरपते. लीटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, उलट पाणी आटते तसे दाटते. बाटलीवरील तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने खालावते, अंग निळसर पडते. आईच्या दुधाला तोड नाही. पण जिथे बाटली अटळ, तिथे पाणी तरी निर्दोष हवे.

ऊर्ध्वपातन घरीही साधते. मोठ्या पातेल्यात थोडे पाणी घेऊन मधोमध उंच बैठकीवर स्वच्छ वाटी ठेवावी, झाकण उलटे ठेवून त्यावर गार पाणी ओतावे. वाफ झाकणाला लागून थिजते आणि वाटीत ठिबकते. क्षार आणि नायट्रेट खालीच राहतात.

मात्र हिशेब कठोर आहे. एक ग्रॅम पाणी उकळीस आणण्यास सुमारे 70 कॅलरी, त्याची वाफ करण्यास आणखी 540. गॅसचे 14.2 किलोचे सिलिंडर जेमतेम 150 लीटर पाणी देईल. पाच माणसांना रोज 15 लीटर लागले, तर दहा दिवसांत ते संपेल! बाळापुरते लीटरभर परवडते, घरादाराचे नाही.

सूर्य मात्र इंधनाचे पैसे मागत नाही. चिली देशात लास सालिनास येथे 1872 साली काचेच्या तिरप्या छपरांखाली खारे पाणी तापवून रोज 20,000 लीटरहून अधिक गोडे पाणी मिळवीत. आमच्या वैशाखात एक चौरस मीटर काच दिवसाला तीन-चार लीटर देऊ शकेल.

आणि पावसाळ्यात? तेव्हा सागराचे पाणी सूर्यानेच ऊर्ध्वपातित करून आमच्या कौलांवर आणून ओतलेले असते. वर्षाकाठी सुमारे 1000 मिलिमीटर पाऊस; वीस चौरस मीटर छपरावर 20,000 लीटर. पाच जणांना वर्षभर प्यायला साडेपाच हजार पुरतात. पहिल्या सरी सोडून द्याव्यात, टाकी झाकलेली असावी, पिण्याआधी पाणी उकळावे, एवढेच पथ्य.

वस्तीतील मोठे छप्पर बहुधा चर्चचे असते. त्यावरचे पाणी आजवर गटारात गेले. येत्या मृगापूर्वी तिथे टाकी बांधावी आणि तिचा पहिला घडा तान्ह्या बाळांच्या घरी जावा, असे आम्ही धर्मग्रामापुढे मांडत आहोत.