बेसचा आवाज सोबत नेताना

आपल्याकडच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्याला रंगमंचावर अ‍ॅम्प मिळेलच असं सांगता येत नाही. कीबोर्डवाल्याचा आवाज कीबोर्डच्या आतच असतो, ऑक्टोपॅडवाल्याचंही तसंच. तबला, ढोलकी, बासरी यांच्यासमोर माईक येतात. बेसवाल्याच्या हातात मात्र एक लांब केबल दिली जाते आणि साऊंडवाला मुलगा म्हणतो, "दादा, लाईन द्या." केबलचं दुसरं टोक थेट मिक्सरला. आपला आवाज त्या संध्याकाळी कसा असेल हे मग तो मिक्सर, तो हॉल आणि त्या मुलाच्या हातातला वेळ ठरवतात. मी मल्टी-इफेक्ट्स पेडल घेतलं ते यावर उपाय म्हणून. आम्ही वादक त्याला प्रोसेसरच म्हणतो. त्यातले कोरस, फ्लँजर, डिले मी क्वचितच लावतो. माझ्याकडे तो आहे बेसचा प्रीअ‍ॅम्प म्हणून, आणि इतकी वर्षं वाजवल्यावर माझं ठाम मत आहे की वाद्यवृंदातल्या बेसवाल्याने प्रोसेसर घ्यावा तो याच कामासाठी.

माझा बेस जॅझ बेसच्या घडणीचा आहे, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नाही. पिकअपमध्ये तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो. तो ज्या इनपुटमध्ये जाईल त्याचा इम्पिडन्स मोठा हवा, साधारण १० लाख ओहम. मिक्सरच्या लाईन इनपुटचा इम्पिडन्स १० हजार ओहमच्या आसपास असतो. बारीक झऱ्याच्या विहिरीला मोठा पंप लावला की ती बघता बघता तळ गाठते, तसं इथे होतं. वरच्या पट्टीतलं सगळं आधी जातं. बोटाने तार सोडतानाचा टणत्कार जातो, फ्रेटवरची धार जाते आणि उरते ती गुदमरलेली घुमघुम. साऊंडवाला ट्रेबल वाढवून बघतो, पण जे पिकअपमधून बाहेरच पडलं नाही ते मिक्सरवर वाढवून येत नाही. वाढते ती फक्त खरखर.

प्रोसेसरचं इनपुट गिटार डोळ्यांसमोर ठेवूनच केलेलं असतं. सगळे इफेक्ट्स बंद ठेवून तो नुसता मधे जोडला तरी बेस मोकळा झाल्याचं ऐकू येतं. बाहेर पडणारा सिग्नल दमदार आणि कमी इम्पिडन्सचा असतो, म्हणून पुढे साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स लावला आणि तिथून मिक्सरपर्यंत सबंध प्रेक्षागृहाच्या लांबीची केबल गेली, तरी वाटेत काही सांडत नाही. काही प्रोसेसरना बॅलन्स्ड आउटपुट असतं. माझ्या लहान पेडलला नाही, म्हणून डीआय बॉक्स माझ्या बॅगेत कायम असतो.

अ‍ॅम्पशिवाय बेस म्हणजे तडजोड, असं मानणारे वादक मला भेटतात. मला ते पटत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसनने जे वाजवलं, त्यातलं बरंचसं अ‍ॅम्पसमोर माईक न ठेवता थेट जोडणीने ध्वनिमुद्रित झालं आहे. बेसच्या इतिहासातला सर्वांत बोलका आवाज त्या वाटेने आला. दुसरी वाट अ‍ॅम्पची. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा व्हॉल्व्हचा ३०० वॅटचा अ‍ॅम्प काढला. त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकर्सचं कॅबिनेट असे. रॉक संगीतातल्या बेसचा जाडपणा पुष्कळसा या जोडीने घडवला. नुसतं डोकं चाळीस किलोच्या घरात, ते रिक्षात घालून कार्यक्रमाला नेणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही. पुढे टेक ट्वेंटीवन कंपनीने १९८९ मध्ये सॅन्सअ‍ॅम्प हे पेडल आणलं. अ‍ॅम्प आणि कॅबिनेटमधून गेल्यासारखा आवाज थेट मिक्सरला देण्यासाठीच ते होतं. आजच्या प्रोसेसरमधली अ‍ॅम्पची डिजिटल मॉडेल्स त्याच विचाराची पुढची पिढी आहेत.

माझी मांडणी छोटी आहे. सगळ्यात आधी हाय-पास फिल्टर, ३५ हर्ट्झच्या आसपास. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ देते, त्याच्या खाली संगीत नाही. तिथे असतात ते हाताचे धक्के, बेसवर अंगठा आपटल्याचे आवाज आणि लाकडी रंगमंचावर नाचणाऱ्यांच्या पावलांची धडधड. ते गेलं की स्पीकरचा श्वास मोकळा होतो. मग कॉम्प्रेसर, चारास एक या प्रमाणात, अ‍ॅटॅक जरा संथ ठेवून, म्हणजे बोटाचा पहिला आघात सुटून जातो आणि मागचा स्वर सावरला जातो. मीटरवर चार-पाच डेसिबलपेक्षा जास्त दाब दिसला की मी तो कमी करतो. गाणाऱ्यामागे वाजवताना हलकं-जोरात हा फरकच तर हवा असतो. त्यानंतर एसव्हीटीसारखं मॉडेल, गेन अगदी कमी, आणि त्यामागे कॅबिनेटचं मॉडेल. शेवटी साधा इक्वलायझर.

गेनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण भावगीताच्या कार्यक्रमात ड्राइव्ह कशाला, असं मला संयोजकांनीही विचारलं आहे. नाट्यगृहातल्या लहान स्पीकर्सना ४१ हर्ट्झ धड वाजवताच येत नाही. पण तारेतून एकटा मूळ स्वर निघत नाही, त्याच्या दुपटीचे, तिपटीचे उपस्वरही निघतात, ८२, १२३ आणि त्यापुढचे. ते नीट कानावर पडले की मेंदू खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. थोडासा ड्राइव्ह हे उपस्वर वाढवतो. खरखर ऐकू येत नाही, एकट्याने वाजवलं तर जेमतेम जाणवते, पण सगळे वाजवू लागले की बेसची ओळ शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. घरातल्या छोट्याशा रेडिओवर आर. डी. बर्मन यांची गाणी ऐकताना त्यांच्या वादकसंचातल्या टोनी वाझ यांचा बेस मला लहानपणी गुणगुणता येत असे. त्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून खालचे हर्ट्झ येणं शक्यच नव्हतं. येत होता तो मधला भाग, आणि तो पुरेसा होता. म्हणून माझ्या इक्वलायझरमध्ये ८०० हर्ट्झला हलका उठाव कायम असतो, आणि २५० च्या आसपास थोडी कपात. तिथे डग्गा, ऑर्गन आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात एकत्र येतात, त्यात बेसनेही भर घातली की गायकाला स्वर सापडत नाही.

आता कॅबिनेटच्या मॉडेलविषयी. बेसचे दहा इंची स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर काढत नाहीत, आणि अ‍ॅम्पचा आवाज आपल्याला गोल वाटतो तो त्यामुळेच. मिक्सरला लाईन देताना ते मॉडेल चालू हवं, नाहीतर ड्राइव्हमधली करकर थेट टॉपमधून लोकांच्या कानात जाते. पण रंगमंचावर खराखुरा बेस अ‍ॅम्प असेल तर तेच मॉडेल बंद करायचं, कारण स्पीकर समोर आहेच. अशा वेळी मी आधी अ‍ॅम्पच्या मागे जाऊन इफेक्ट्स रिटर्नचं छिद्र शोधतो. तिथे जोडलं की अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प बाजूला राहतो आणि फक्त त्याची ताकद वापरली जाते. रिटर्न नसेल तर पुढच्या इनपुटला जोडावं लागतं, म्हणजे एकावर एक दोन प्रीअ‍ॅम्प. मग अ‍ॅम्पची बटणं सपाट करून घ्यायची. यात एक खोच आहे. सगळी बटणं मधोमध म्हणजे सपाट, असं प्रत्येक अ‍ॅम्पला लागू नाही. फेंडर पद्धतीच्या जुन्या टोन सर्किटमध्ये मधोमध ठेवलं तरी मिड खोल गेलेला असतो, तिथे मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणल्यावर आवाज सपाटीच्या जवळ येतो.

पण या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हे सेटिंग कुठे आणि किती आवाजात केलं ती. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की हा फरक घटतो. रात्री घरी हेडफोन लावून, शेजाऱ्यांची झोप सांभाळत घडवलेला गुबगुबीत बेस कार्यक्रमाच्या आवाजात चिखल होतो तो यामुळे. म्हणून मी पॅच करतो तो तालमीच्या हॉलमध्ये, स्पीकरवर, कार्यक्रमाच्या जवळपासच्या आवाजात. यात प्रोसेसरमधल्या लूपरची फार मदत होते. लूपर साखळीच्या अगदी सुरुवातीला ठेवायचा, एक ओळ वाजवून फिरती ठेवायची आणि बेस खाली ठेवून मागच्या खुर्च्यांपर्यंत चालत जायचं. स्वतः वाजवत असताना कान बोटांवर विश्वास ठेवतात, आणि वाजवलेलं सगळं ऐकू येतंय असं वाटत राहतं. दूर उभं राहून ऐकलं की खरं कळतं. कीबोर्डवाला मित्र पेडलपाशी बसतो, मी मागून ओरडतो, "मिड थोडा दे रे, कॉम्प्रेसर सोड जरा." नंतर आमची जागांची अदलाबदल. तालमीतली ती पंधरा-वीस मिनिटं मला फार आवडतात. सगळ्या वाद्यवृंदासोबत ऐकताना पुन्हा थोडं बदलतं, आणि तेच अंतिम.

पातळीचं भान मात्र सतत ठेवावं लागतं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प जास्त सिग्नल आला तर गोड फाटतो, डिजिटल इनपुट कडकड करतं. सगळ्यात जोराचा स्लॅप वाजवून बघायचा आणि त्याच्यावरही दहा-बारा डेसिबलची जागा शिल्लक ठेवायची. बाहेर जाताना पॅच बदलला तरी आवाजाची पातळी तीच राहायला हवी. लावणी संपून भावगीत सुरू होताना बेस अचानक वर आला, तर साऊंडवाला फेडर खाली ओढतो आणि मग तो कार्यक्रम संपेपर्यंत खालीच राहतो.

विजेचीही काळजी आहे. पेडलना बहुधा नऊ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या अ‍ॅडॉप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते, म्हणून तिथे गेलो की दुकानदाराला मीटर लावूनच दाखवायला सांगतो. माझं पेडल चार पेन्सिल सेलवरही चालतं आणि मंडपातल्या कार्यक्रमात मी ते सेलवरच चालवतो. जनरेटरचा दाब खाली-वर झाला तरी पेडल बंद पडून पुन्हा सुरू होत नाही, आणि मिक्सर व माझी वीज वेगवेगळ्या सॉकेटमधून आल्यामुळे अर्थिंगचा जो घूं-घूं आवाज होतो तो मुळातच होत नाही. सिंगल कॉइल पिकअप रंगमंचावरच्या दिव्यांच्या डिमरची गुणगुण पकडतात, त्यासाठी दोन्ही पिकअपचे आवाज सारखे ठेवले की ती एकमेकांत विरते. नॉइज गेट मी लावत नाही. तो गुणगुणीबरोबर स्वराची शेपटीही कापतो, आणि संथ गाण्यात बेसचं निम्मं सौंदर्य त्या शेपटीत असतं.

अ‍ॅम्प मागे नसल्याने एक गोष्ट कमी होते, ती म्हणजे पोटरीला लागणारी हवा. मॉनिटरमधून बेस ऐकू येतो, अंगाला लागत नाही. ढोलकीवाल्यालाही ते हवं असतं, कारण तो बेसवर टेकून वाजवतो. म्हणून साऊंड चेकला मी मॉनिटर माझ्या आणि त्याच्या मधे मागून घेतो आणि दोघांनी एक अंतरा वाजवल्याशिवाय ते सोडत नाही.

सध्या मी मिक्सरला दोन लाईन देऊन बघतो आहे. डीआय बॉक्समधून पेडलच्या आधीची एक साधी, आणि पेडलमधून आलेली दुसरी. खालचा भाग साध्या लाईनवरून, मिड आणि धार पेडलवरून, असा विचार. अडचण अशी की पेडलमधला सिग्नल डिजिटल होऊन परत येईपर्यंत काही मिलिसेकंद मागे पडतो. तीन मिलिसेकंदांच्या फरकानेसुद्धा दोन लाईन एकत्र केल्यावर १६७ हर्ट्झपाशी आवाज एकमेकाला खाऊन टाकतो, आणि बेस नेमका जिथे भरदार हवा तिथे पोकळ होतो. मिक्सर डिजिटल असेल तर साध्या लाईनवर तेवढाच डिले लावून मागतो, आणि दोन्ही फेडर वर असताना मोकळी ए तार वाजवून ती भरेपर्यंत तो आकडा हलवायला सांगतो. मिक्सर साधा असेल तर एकच लाईन देतो, आणि कोरा व ड्राइव्हचा सिग्नल यांचं मिश्रण पेडलच्या आतच करून घेतो.