पेट्यूनियाचें बीं

डहाणूस आमच्या घराभोंवतीं चिकूचीं झाडें आहेत. येथील घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस लिहावयाचें आहे तें एका परदेशी फुलाविषयीं आणि, खरें सांगावयाचें तर, आमच्या एका चुकीविषयीं.

तलासरीकडील एका शाळेंत आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविलें कीं, बीं मातीआड गेल्यावांचून रुजत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या चिरंजीवांनीं पुण्याहून पेट्यूनियाच्या बियांचें पाकीट आणलें. आम्ही कुंडी भरूं लागलों, तों सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, वर माती घालूं नये, असें पाकिटावर लिहिलें आहे." आम्हीं सर्वांदेखत उत्तर दिलें, "शाळा आम्हीं चालविली, पाकिटानें नव्हे!" मुलें हंसलीं. सूनबाई मुकाट्यानें आंत गेल्या.

आश्विन गेला, कार्तिक सरला. कुंडींत हरळीखेरीज कांहीं दिसलें नाहीं.

मग आम्हीं वाचूं लागलों. अमरकोशांत या फुलाचें नांव सांपडण्याचा संभवच नव्हता. तें दक्षिण अमेरिकेंतील. ज्युस्यू नामक फ्रेंच पंडितानें १८०३ सालीं या कुळाचें नामकरण केलें, तेंही ब्राझीलमधील तंबाखूच्या एका देशी नांवावरून. तंबाखू, वांगें, मिरची हीं याचीं सगोत्र! एका ग्रॅमांत सुमारें दहा हजार बिया भरतात. एवढ्याशा बीजांत शिधा तो किती असणार? शिवाय अंकुरण्यास त्यास उजेड लागतो. आम्हीं त्यास जिवंत पुरलें होतें.

गेल्या आश्विनांत सूनबाईंनीं स्वतः पेरणी केली. आम्हांस कोणी बोलावलें नाहीं. झोंपाळ्यावर वर्तमानपत्र धरून चष्म्यावरून पाहत होतों. बीं बारीक वाळूंत मिसळून चाळलेल्या पानमातीवर भुरभुरलें, तळहातानें हलकेंच दाबलें. पाणी वरून ओतलें नाहीं. कुंडी पाण्याच्या परातींत ठेविली, ओल खालून चढली. वर कांच, पण ती रोज थोडा वेळ उचलावयाची, कारण समुद्राकांठच्या या दमट हवेंत कोंदटपणा राहिला कीं रोपांचीं मानें मातीशींच कुजतात. आठव्या दिवशीं हिरवे ठिपके दिसले. पुढें आगपेटीच्या काडीनें रोपें वेगळीं केलीं आणि शेंडे खुडले. शेंडे खुडतांना आमचा जीव हळहळला, पण फांद्या त्यामुळेंच फुटल्या.

पौषांत ओटीवर जांभळीं, पांढरीं फुलें डुलूं लागलीं. कुटुंब आम्हांस एवढेंच म्हणालें, "पाहुणे फुलांची तारीफ करितात. एक जण मात्र अजून बोलला नाहीं."

रात्रीं पंक्तीस सर्व बसल्यावर आम्हीं सांगितलें, "सूनबाई, त्या वेळीं तुमचें बरोबर होतें. मुलांदेखत आम्ही बोललों तें चुकलें." क्षणभर कोणीच घांस उचलला नाहीं. वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, "मामंजी, वाळलेलीं फुलें रोज खुडावीं लागतात, नाहींतर झाड बीं धरतें व फुलणें मंदावतें. सकाळीं मला सवड नसते."

तें काम तेव्हांपासून आमच्याकडे आहे.