अमृतराव घाट आणि खासगी

चाकरीनिमित्त परमुलखात राहणारा मराठी माणूस काशीस गेला, की घाटांवर आपल्या माणसांची नावे शोधू लागतो. आम्हीही त्यास अपवाद नाही. दशाश्वमेधावरून दक्षिणेकडे निघावे, अहिल्याबाई घाट मागे टाकावा आणि पुढे, आज ज्याला राजा घाट म्हणतात, त्या अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर विसावावे. ही दोन नावे शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक जुना हिशेब ध्यानात येतो. तो अद्याप पुरता फिटलेला नाही.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, तेव्हा कारभार काही काळ त्यांच्या हाती आला. पुढल्याच वर्षी इंग्रजांशी करार होऊन वार्षिक सात लाख रुपयांची नेमणूक ठरली आणि त्यांचे बिऱ्हाड उत्तरेत आले ते कायमचे. १८२४ साली ते वारले. करार, रक्कम, ठिकाण. आम्हां नोकरदारांस ही भाषा परिचयाची आहे. परंतु त्यांच्यामागून ज्या स्त्रिया देश सोडून निघाल्या, त्यांस कोणी विचारले असेल काय? पुरुषाचे ठिकाण बदलले की घर उठते. बाईचा होकार गृहीत धरलेला असतो.

नावाचेही तसेच. अमृतरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीत राहत. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मुलीचा जन्म येथलाच; नाव मणिकर्णिका. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी तिचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. तिच्या तलवारीची कीर्ती देशभर पसरली, ती सासरी मिळालेल्या नावाने. काशीने दिलेले नाव बोहल्यावरच राहिले.

मग अहिल्याबाईंचे नाव घाटावर कसे टिकले? त्यांचे कर्तृत्व आणि त्यांची धर्मबुद्धी, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. १७३४ साली पहिल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. दौलतीचा खजिना निराळा, ही खासगी निराळी. पुढे ती अहिल्याबाईंच्या हाती आली आणि त्यांचा दानधर्म तीतून चालला. विश्वनाथाचे देऊळ १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. १८२८ साली बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर मंडप बांधला. या दोघीही विधवाच. त्याच गंगेकाठी, केशवपन झालेल्या कितीतरी अनाम विधवा दुसऱ्याच्या अन्नावर मरणाची वाट पाहत दिवस काढीत होत्या. वैधव्य एकच, अंतर पडले ते हाती स्वतःचे द्रव्य असण्या-नसण्याचे.

आता काळ बदलला, असे कोणी म्हणेल. बदलला खरा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व दिले. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम होता. त्या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी चोनिरा मुथम्मा न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. अधिकारी पुरुषाने लग्न केले तर सेवेत अडथळा येतो, असे मात्र सरकारला कधी वाटले नव्हते.

पण कायदा दारापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत हुकूम आमचा चालतो. बदलीचा कागद एकाच्या नावाने निघतो, सामान दोघे बांधतात. तिची शाळेतली नोकरी सुटते. नव्या गावी ती पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते, किंवा उभी राहतच नाही. त्याची ज्येष्ठता, वेतनवाढ, निवृत्तिवेतन अखंड चालू राहते. तिच्या खंडित वर्षांची नोंद कोणत्याच सेवापुस्तकात होत नाही. २०२४ च्या सरकारी पाहणीनुसार घरातील विनावेतन कामास स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. या दोन आकड्यांतील तफावतीवरच आमची कचेरीतील वक्तशीर हजेरी उभी आहे, हे आम्ही सहसा बोलून दाखवीत नाही.

गृहिणीला देवी म्हणून ओवाळण्यात आमचा समाज कधीच मागे नव्हता. ओवाळणीने खासगी होत नाही. घराच्या खरेदीखतावर तिचे नाव घालावे, शिलकीचा अर्धा भाग तिच्या खाती आणि तिच्या स्वाधीन असावा, आणि तिच्या नावाने बदलीचा किंवा बढतीचा कागद आला तर सामान बांधण्यास आपण आधी उठावे. गौतमाबाईंची खासगी नेमून देण्यास एका पेशव्याची मोहोर लागली. आमच्या घरात तेवढे करण्यास आमची एक सही पुरेशी आहे.