कृष्णेत पोहणाऱ्यांनी मालवणला जाताना

सातारा,
20 नोव्हेंबर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सांगलीच्या घाटावरच्या पोहणाऱ्या मंडळींना घेऊन मालवणला जायचा बेत ठरला, हे वाचून फार बरं वाटलं. वाटेचं आणि मुक्कामाचं तू विचारलंस त्याचं उत्तर सोपं आहे. कोल्हापूरवरून फोंडा घाट उतरा, तारकर्लीला किंवा देवबागला मुक्काम करा आणि एक सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी राखून ठेवा. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले आहे. 'आमची पोरं पट्टीची पोहणारी आहेत, त्यामुळे पाण्याची काळजी नाही,' असं तू लिहिलं आहेस. मला वाटतं, काळजी तिथूनच सुरू होते. ज्याला पाण्याची भीती वाटते तो दोन पावलं आधी थांबतो. ज्याचा हातावर भरवसा आहे तो आणखी वीस हात आत जातो, आणि समुद्रात त्या वीस हातांनी सगळा फरक पडतो.

तुमचं पोहणं कच्चं आहे, असं मी म्हणत नाही. कृष्णेत तुम्ही सुरक्षित राहता ते दोन गोष्टींमुळे, आणि त्यातली एकच अंगात आहे. दुसरी माहितीत आहे. आयर्विन पुलाशी पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. सांगलीत थेंब पडला नसला तरी कोयनेचे दरवाजे उचलले की नदी फुगणार, हेही ठाऊक असतं. भिलवडी-औदुंबरकडे पाण्यात उतरण्याआधी मगर कुठे दिसली होती, हे काठावरच्या माणसाला विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. धारेच्या विरुद्ध हात मारायचे नाहीत, तिरपं कापत जायचं आणि खालच्या अंगाला काठ गाठायचा, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या पाण्याकाठी राहून ते आलं आहे. मालवणला तुमचे दंड तुमच्याबरोबर येतील. ही माहिती मात्र सांगलीतच राहील, आणि तिथली माहिती तिथल्या माणसाकडून घ्यावी लागेल. एवढं एकच मला तुला पटवून द्यायचं आहे.

नदीची धार डोळ्यांना दिसते. समुद्राची ओढ दिसत नाही, उलट फसवते. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत राहतात आणि ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. वाळूच्या दांड्यात जिथे खाच असेल तिथून ते अरुंद पट्ट्याने वेगात आत खेचलं जातं. इंग्रजीतला रिप करंट तो हाच. या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे फेस आणि मध्ये शांत, जरा गढूळ किंवा गडद पाणी दिसतं. नवखा माणूस पोहायला नेमकी तीच जागा निवडतो. ओढ जोराची असेल तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, आणि त्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही फार वेळ टिकत नाही. सुटकेचा मार्ग मात्र तुमच्या ओळखीचाच आहे: किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग परतायचं. जी युक्ती तुम्ही धारेत वापरता तीच. पण ती सुचायला आपण धारेत आहोत हे आधी कळावं लागतं. त्यात खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जास्त असते, त्यामुळे अंग हलकं होतं आणि आपण नेहमीपेक्षा सरस पोहतो आहोत असं वाटू लागतं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतली मुलं बुडाली. एप्रिल 2017 मध्ये मालवणला लागूनच असलेल्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले 8 जण बुडाले. ते काही तुमच्यासारखे नदीत वाढलेले नसतील, असं तू म्हणशील. नसतीलही. पण पाणी तेच आहे, आणि समोरच्याला पोहता येतं की नाही हे विचारून ते ओढत नाही.

आता देवबागचं सांगते, कारण तुम्ही तिथे गेल्याशिवाय राहणार नाही. तारकर्लीपासून देवबागपर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमात उतरणाऱ्या पोरांना ही जागा आपलीच वाटेल. पण हरिपूरला दोन्ही नद्या दिवसभर एकाच दिशेला वाहतात. देवबागला पाणी साधारण सहा तासांनी तोंड फिरवतं. भरतीला समुद्र खाडीत शिरतो, ओहोटीला खाडीचं पाणी आणि नदीचं पाणी मिळून समुद्राकडे धावतं, आणि त्या ऐन ओहोटीत संगमावर उतरणं म्हणजे दोन धारांच्या तोंडी सापडणं. सकाळी जिथे कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहिलात तिथे दुपारी पाय टेकणार नाहीत. वेळ काढायचा जुना हिशोब कोकणात अजून चालतो: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. मुंबईकडे हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो, मालवणला भरती थोडी आधी येते. म्हणजे द्वादशीला जेवणाआधी डुंबायला गेलात तर ऐन ओहोटीत सापडाल, आणि चतुर्थीला त्याच घटकेला पाणी चढत असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि ओढही कमी. घरातलं पंचांग फक्त मुहूर्तासाठी नसतं, एवढं मित्रांना सांग.

रोज हजारो लोक तारकर्लीच्या पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी सुखरूप घरी जातात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातले बहुतेक किनाऱ्याजवळच असतात, आणि समुद्रही सगळे दिवस सारखा नसतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तरी हजारो कोस दक्षिणेला हिंदी महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. कोयनेच्या पाण्यावरून नदी ओळखणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको. हैदराबादची इन्कॉईस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे आधीच देते. निघण्याच्या आदल्या रात्री तो इशारा बघायला दोन मिनिटं लागतात. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात सिंधुदुर्गात जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद ठेवतात, ते पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून. तुम्ही हिवाळ्यात जाताय हे उत्तम.

स्कूबाविषयी तू बेफिकिरीने लिहिलं आहेस, म्हणून थोडं सविस्तर सांगते. घाटावर बुडी मारून कोण किती वेळ पाण्याखाली राहतो, यावर तुमच्या पैजा लागतात. स्कूबात पहिला नियम असा की श्वास कधीच रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे नळीतून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते, आणि ती छातीत कोंडून ठेवून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. ज्या सवयीचा नदीत अभिमान वाटतो तीच इथे घात करते. म्हणून हात धरून नेणारा प्रशिक्षक असणं हा पोहणाऱ्याचा अपमान नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. मंडळींपैकी दोघा-चौघांना खरोखर गोडी लागली तर पुढे रीतसर अभ्यासक्रम करायला तिथेच जावं. आणि खाली गेलात की प्रवाळाला हात लावू नका; 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. सर्फिंगची हौस मात्र मालवणात फारशी भागणार नाही. त्यासाठी गोव्यात किंवा मंगळूरजवळच्या मुल्कीला जावं. तिथे सर्फिंग शिकवणाऱ्यांचं एक वागणं तुमच्या कामाचं आहे: मी ज्या ओढीची एवढी भीती घातली, तिच्यातच ते फळी टाकतात आणि फारसे श्रम न करता लाटांपलीकडे पोचतात. ओढ तीच असते, पण तिची जागा त्यांना आधीपासून माहीत असते.

स्थानिक माणसं धंद्यासाठी भीती घालतात, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल. त्यांचाही माणूस चुकतो, हे मला मान्य आहे. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून डोळे मिटून कुणाच्याही मागे जा, असं माझं म्हणणं नाही. 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते सांगलीकर विसरलेले नाहीत. माणसं मोजायची, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे आणि त्याचे बंद आवळलेले आहेत हे बघायचं, आणि गर्दी वाटली तर पुढची होडी घ्यायची. हे तुमच्या हातात आहे. पण पाण्याचा निर्णय मात्र किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाचा. पहाटे किनाऱ्यावर जाऊन त्यांच्याबरोबर रापणीचा दोर ओढा. ते नको म्हणत नाहीत. तासाभराच्या त्या ओढण्यात पाणी कुठे जातंय ते तळव्यांना कळतं, आणि मग आज कुठे उतरावं हे विचारलंत तर हातानेच जागा दाखवतील.

एवढी बंधनं पाळायची तर सहलीत मजा काय उरली, असं विचारशील. मला उलट वाटतं. कृष्णेत तुम्हाला मजा येते ती नदी ओळखीची आहे म्हणून. समुद्राशी ओळख न करता तीन दिवस काढलेत तर तुम्ही फक्त ओले होऊन परताल.

किती जण निघताय, त्यात वीस वर्षांखालचे किती, आणि कुठल्या तारखा धरल्या आहेत ते कळव. तारखांवरून भरतीच्या वेळा काढून लगेच पाठवते. वहिनींना नमस्कार.

तुझी
आत्या