नवं-जुनं : नांदेड ते किल्लारी

सरकारी कर्ज आणि अर्थसंकल्पीय धोरण या विषयाची चर्चा नांदेडात व्हावी, याला स्थानिक आधार आहे. शून्याधारित अर्थसंकल्प महाराष्ट्रात आणला तो नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनी, १९८६ साली मुख्यमंत्री झाल्यावर. मागच्या वर्षीच्या तरतुदीत थोडी भर घालून यंदाचा आकडा ठरवायचा, ही मंत्रालयाची जुनी रीत होती. तिच्या जागी प्रत्येक खात्याने प्रत्येक योजना शून्यापासून मांडावी, तिची गरज पटवून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. ही पद्धत पुढे टिकली नाही. पण तिने विचारलेला प्रश्न आजही तितकाच खरा आहे. १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात अर्थमंत्री झाले आणि १९८९-९०चा अर्थसंकल्प त्यांनी संसदेत मांडला.

या विषयावरची दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद नांदेडला मार्चमध्ये भरली. प्रस्तुत लेखकाचा प्रवास तिथून सुरू होऊन किल्लारीला संपला.

राज्याला कर्ज काढण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २९३ने मिळतो. केंद्राचे जुने देणे बाकी असेल तर केंद्राची संमती लागते. प्रत्यक्षात राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावात विकते, बहुधा मंगळवारी. ते घेणाऱ्यांत बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी असतात. म्हणजे लोह्याच्या शिक्षकाचा विम्याचा हप्ता फिरून राज्याच्या तिजोरीत येऊ शकतो. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता, तर महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटींची. परिषदेतला बराच वेळ पहिल्या आकड्यावर गेला. खरी काळजी दुसऱ्याची करायला हवी. स्थूल उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज एकोणीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि तेवढे ओझे महाराष्ट्राला पेलते. महसुली तूट मात्र सांगते की पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने भागवण्यासाठीही उसनवारी करावी लागते आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हे लेखाशीर्षांतून वाचता येते : २०४९ म्हणजे व्याज, ६००३ म्हणजे राज्याचे अंतर्गत कर्ज, ६००४ म्हणजे केंद्राकडून आलेली कर्जे. चाराने सुरू होणारी शीर्षे भांडवली खर्चाची. कर्ज कुठे गेले हे पाहायचे तर ही चाराची पाने आधी उघडावीत.

नांदेडहून लातूरकडे निघाले की विष्णुपुरी लागते. इथे गोदावरी अडवून पाणी उपसून कालव्यात सोडले जाते. नांदेड शहराचे पिण्याचे पाणीही याच जलाशयातून येते. शंकररावांच्या पाटबंधाऱ्यांच्या ध्यासाचे हे घरचे उदाहरण. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही इथेच, रस्त्याला लागून. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ त्याच वर्षीचे. मागास भागाला निधीचे न्याय्य वाटप व्हावे यासाठी अनुच्छेद ३७१(२)मध्ये तरतूद होती, दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे मोजमापही करून दिले होते. तरी मंडळ यायला आणखी दहा वर्षे लागली. हा विलंब मराठवाड्याने सोसला आहे.

पुढे लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. एसटीत लोह्याला चढलेल्या एका शेतकऱ्याला शेजारच्याने विचारले, "मामा, सोसायटीचं नवं-जुनं झालं का?" मार्चअखेर पीककर्ज भरायचे आणि लगेच तेवढेच, जमल्यास थोडे जास्त, पुन्हा उचलायचे, याला इकडे नवं-जुनं म्हणतात. भरण्यापुरते पैसे चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणावे लागतात. मामांनी ते अजून आणले नव्हते. राज्यही हेच करते. दहा वर्षांच्या मुदतीचा रोखा फेडीला आला की नव्या रोख्याच्या पैशातून तो फेडला जातो. यात गैर काही नाही, मात्र मधल्या काळात विहीर खणलेली असली पाहिजे. दोन दिवसांच्या निबंधवाचनात न सापडलेला नेमका शब्द एसटीत मिळाला.

लातूरहून औसा, लामजना आणि मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनासाठी १९९४ मध्ये जागतिक बँकेकडून सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले. परकीय कर्ज घेते केंद्र आणि राज्यापर्यंत ते केंद्रामार्फत पोचते. ५२ गावे नव्या जागी वसली. त्यांतली काही देणगीदार संस्थांनी बांधली. घराचे क्षेत्र जमिनीच्या धारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूमिहीनाचे कुटुंब लहान असते असे थोडेच आहे! हा निकष न्यायाचा नव्हता.

नव्या किल्लारीत रस्ते सरळ आणि रुंद आहेत. जुन्या गल्ल्यांतला शेजार या आखणीत विखुरला. एका २५० फुटी घरासमोर थांबून पाहिले. मूळ दोन खोल्यांना पत्र्याची पडवी जोडलेली, तिच्याखाली एक म्हैस, कडब्याच्या पेंढ्या आणि भिंतीला टेकवलेला कोळपा. दारावरून चारही भिंतींना वळसा घालणारा काँक्रीटचा पट्टा रंगाखालूनही ओळखू येतो. धक्क्यात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून तो घातलेला असतो. भूकंपाला तीस वर्षे उलटून गेली, तरी त्या पट्ट्याला कुठे तडा दिसला नाही.