बदललेली इव्हलिन

१९९९ साली ‘द ममी’ आला तेव्हा मी कॉलेजात होते. मैत्रिणी ब्रेंडन फ्रेझरवर खूश होत्या, मला आवडली ती रेचल वाइसची इव्हलिन. कैरोच्या ग्रंथालयात शिडीवरून तोल जाऊन ती पुस्तकांची सगळी कपाटं एकामागोमाग आडवी करते, आणि तरीही तिचा खरा पराक्रम वाचण्यातच असतो. इम्होतेपच्या ममीला उठवतं तेही तिचं वाचन, आणि शेवटी त्याचं अमरत्व हिरावून घेतं तेही.

त्याच सिनेमात तिचा भाऊ जोनाथन मंत्र वाचताना एका चिन्हापाशी अडतो. बगळ्यासारखा पक्षी आहे म्हणतो, आणि लढाईच्या धुमश्चक्रीतून ती उच्चार सांगते. २००१ च्या दुसऱ्या भागात ती मेलेली असते, छोटा ॲलेक्स आईसाठी मंत्र वाचतो आणि त्याच पक्ष्यापाशी अडतो. या वेळी उच्चार सांगतो जोनाथन. एका बाईची विद्या घरात झिरपलेली असते, तीच तिला परत आणते! तोवर मी ग्रंथालयशास्त्र शिकत होते. तो प्रसंग आजही मला हलवून जातो.

२००८ च्या तिसऱ्या भागात वाइस नव्हती, मारिया बेलो होती. थिएटरात माझ्या आसपास कुजबुज सुरू झाली. मला चेहरा बदलल्याचं वावडं नाही. माझे वडील ‘नटसम्राट’ डॉ. लागूंचाही पाहून आले होते आणि दत्ता भटांचाही, आणि दोन्हींबद्दल तितक्याच ओढीने बोलत. पण तिथे नट बदलला तरी शिरवाडकरांचे शब्द तेच राहिले होते. इथे इव्हलिनचं वाचणंच काढून घेतलं. चीनमधल्या या गोष्टीत मंत्र वाचते मिशेल योची झी युआन. बेलोच्या वाट्याला मुख्यतः मारामारी आणि मुलाची काळजी आली. म्हणून तिला वाइसच्या मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

सुरुवातीला मात्र एक धागा फार चांगला आहे. इव्हलिन आता कादंबरीकार आहे, ममीवरची दोन पुस्तकं गाजलीत, तिसरं काही केल्या सुचत नाही. इंग्लंडातल्या त्या सुखवस्तू घरातली तिची घुसमट बेलोने मनापासून केली आहे. तेवढ्यात सिनेमा घाईघाईने शांघायला निघतो. त्या कोऱ्या कागदापाशी दिग्दर्शक रॉब कोहेन आणखी दहा मिनिटं थांबला असता, तर ही इव्हलिनही माझी झाली असती.