परसातलं पाणी

आमच्या दौलतगंजच्या घरामागे छोटंसं परस आहे. तिथे बाबांचे गुलाब असायचे. म्हणजे दर हिवाळ्यात बाबा ते लावायचे आणि दर पावसाळ्यात ते मरायचे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, गल्ली उंच झाली आणि परस खाली राहिलं. जुलै-ऑगस्टमध्ये शेजारच्या छपरांचं पाणीही आमच्याकडेच येतं. घोटाभर पाणी, तेही चार-पाच दिवस!

बाबा गेले त्या वर्षी भावाने पुण्याहून सांगितलं, "ताई, सरळ काँक्रीट करून टाक." ठेकेदार मापंही घेऊन गेला. आई तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र मला परसाच्या कोपऱ्यातल्या जुन्या विहिरीपाशी घेऊन गेली. म्हणाली, "इथे पाणी जिरतं म्हणून मे महिन्यात हिला पाणी असतं. आणि फरशी केलीस तर ते जाईल कुठे? शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात."

मी ठेकेदाराला नाही म्हटलं. पण मग लावायचं काय?

गुलाब का मरतात ते आधी समजून घेतलं. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागी पाणी भरलं की मुळं गुदमरतात, मग कुजतात. म्हणजे पाण्यात तग धरणारी झाडं हवीत. मी हौसेने वेखंड आणलं. पावसात छान वाढलं आणि मे महिन्यात जळून गेलं. तेव्हा कळलं, आपल्या ग्वाल्हेरची परीक्षा दुहेरी आहे. दोन-तीन महिने चिखल आणि मग ४५ अंशांची कोरडी लू. दोन्ही सोसेल तेच आपलं झाड.

अशी झाडं शोधायला मी नर्सरीत नाही, नाल्याकाठी गेले. तिथे सगळ्यात जास्त दिसलं ते बेशरम. पण ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, एकदा शिरलं की दुसऱ्याला जागा देत नाही. आपण ज्याला घरचं समजतो तो कर्दळही अमेरिकेतूनच आलेला! खरी आपली निघाली ती निर्गुडी. लेक म्हणाली, "आई, ये तो नाली के किनारे वाला पौधा है!" म्हटलं, म्हणूनच हवंय.

आता सगळ्यात खोल भागात वाळा आहे. कूलरच्या ताट्यांमध्ये खस असते ना, तोच हा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, माती धरून ठेवतात. चिखल आणि उन्हाळा, दोन्ही त्याला चालतात. त्याच्या शेजारी अळू. मंडईत 'अरबी के पत्ते' म्हणून मिळतो तोच. उन्हाळ्यात पानं वाळली तरी कंद जमिनीत जिवंत असतात. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मी तिथेच ओतते. कडेला निर्गुडी, तिचा पाला आई गुडघे शेकायला वापरते. भिंतीपासून दूर, जरा उंचावर एक जांभूळ. अर्जुनही चालला असता, पण एवढा मोठा वृक्ष आमच्या परसात मावणार नाही.

तुमच्याकडेही पाणी साचत असेल तर आधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा आणि ते किती वेळात जिरतं ते पाहा. आठवडाभर पाणी उभं राहत असेल, तर आधी त्याला वाट करून द्या. तेवढ्या दिवसांत डासांची पिढी तयार होते.

पाणी अजूनही साचतं, पण आता दोन दिवसांत जिरतं. गेल्या गणपतीत भाऊ आला. परसात उभं राहून बराच वेळ बघत होता. काँक्रीटचा विषय त्याने काढला नाही, आईनेही नाही. तिने फक्त त्याला अळूची पानं तोडायला लावली आणि दुपारी अळूवडी केली.

बाबांचा शेवटचा एक गुलाब वाचला आहे. तो आम्ही कुंडीत लावून वरच्या ओट्यावर ठेवलाय. त्याला तिथेच बरं वाटतं.